परिचारिकेची चूक आणि समाजाचा न्याय

(एरंडोल येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जून २०२० मधील जळगावची एक घटना या जिल्ह्यातील कोणीही विसरलेले नसेल. कोरोनाच्या उपचारासाठी शासकीय रुग्णालयात दाखल झालेली भुसावळची एक ८२ वर्षांची वृद्धा २ जूनपासून बेपत्ता होती. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. रोजच्या तीन पाळ्या धरल्या तर त्या आठ दिवसांत चोवीस पाळ्या बदलल्या. डॉक्टर आले आणि गेले, परिचारिका आल्या आणि गेल्या, सफाई कामगार आले आणि गेले. पण ते दार कोणी उघडले नाही. त्या वेळी अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. असे असले, तरी 'हा अमक्या एका माणसाचा गुन्हा' असे कोणाही विचारी माणसाला म्हणवले नाही. एक यंत्रणाच तेथे आंधळी झाली होती, हे सर्वांना दिसत होते.

परंतु जेथे चुकीला एक हात जोडलेला असतो, तेथे समाजाची दृष्टी एवढी स्वच्छ राहात नाही. इंजेक्शन देणारा हात, सलाइनची बाटली लावणारा हात, लहान मुलाच्या तोंडात थेंब सोडणारा हात हा बहुधा परिचारिकेचा असतो. औषध लिहिणारा दुसरा, खरेदी करणारा तिसरा, साठवणारा चौथा. परंतु रुग्णापर्यंत ते पोचविणारी अखेरची व्यक्ती ती. म्हणून अनर्थ घडला की पहिली नजर तिच्याकडे जाते, आणि पुष्कळदा अखेरचीही तिच्यावरच थांबते. आजचा विषय हा आहे : गंभीर चूक घडल्यानंतर त्या परिचारिकेचे काय करावयाचे? तिला एकटे सोडावयाचे, की तिला आधार द्यावयाचा? आणि आधार द्यावयाचा, तर ज्याचे माणूस गेले त्याच्याशी तो अन्याय होत नाही काय?

प्रथम परिचारिका कोणत्या परिस्थितीत काम करते ते पाहिले पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात खाटेमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेसाठी ३० टक्के जागा राखीव असाव्यात. हे मानक हाती घेऊन कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात रात्री दहानंतर एक फेरी मारावी. तीस खाटांचे रुग्णालय, एखादी बाळंतीण कळा देत असलेली, शेतातून सर्पदंशाचा रुग्ण आणलेला, वॉर्डात तापाने फणफणलेली मुले, आणि या सर्वांच्या मध्ये किती सिस्टर उभ्या आहेत ते मोजावे. त्यांतील किती कायम आहेत आणि किती राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटावर आहेत, हेही विचारावे. १९४६ साली भोर समितीने या देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याची नोंद केली होती. तेथून देश पुष्कळ पुढे आला, हे खरे. पण मानक आणि वॉर्ड यांच्यामधील अंतर अजूनही परिचारिकेच्या पायांनीच भरून काढले जाते.

चूक याच अंतरात जन्म घेते. दोन औषधांच्या नावांत एका अक्षराचा फरक असतो. दोन अँप्यूलचा रंग आणि आकार सारखा असतो. केसपेपरवरील दशांश चिन्ह घाईत पुसट होते आणि मात्रा दहापट होते. पातळ न करता शिरेतून दिले तर हृदय थांबवू शकणारे पोटॅशियम क्लोराइड साध्या औषधांच्या शेजारी ठेवलेले असते. सोळा तास जागलेल्या माणसाचे डोळे वाचतात ते अक्षर नव्हे, तर अपेक्षा वाचतात. यात बेपर्वाई असतेच असे नाही. चूक करणारी परिचारिका बहुधा तीच असते, जिने त्याआधी तेच काम हजारो वेळा बिनचूक केलेले असते.

आता आपल्या राज्यातील तीन घटना पाहू. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी तिघांवर तातडीने कारवाई झाली. ती करणे सोपे होते. सॅनिटायझर आणि लस एकाच टेबलावर एका हाताच्या अंतरावर येऊ शकतात, हे जिल्ह्यात कोणी आधी पाहिले होते काय, हा प्रश्न मात्र अवघड होता.

त्याच महिन्यात, ९ जानेवारीच्या पहाटे, भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यांतील १० दगावली. चौकशी झाली, वरिष्ठांवरही कारवाई झाली. कंत्राटी परिचारिकांच्या सेवा समाप्त करण्यात आल्या. पुढे पोलिसांनी दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदविला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयात कोरोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण मृत्यू पावले. तेथे जी पहिली अटक झाली, तीत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. राज्यभरच्या परिचारिका संघटना त्या वेळी रस्त्यावर आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता : विजेची जोडणी परिचारिका करते काय? अग्निशमन यंत्रणेची निविदा ती काढते काय? इमारतीचा ताबा तिच्याकडे असतो काय? कक्षात कोण केव्हा हजर होते याची चौकशी जरूर व्हावी. परंतु जिच्या हाती अधिकार सर्वांत कमी, तिच्या हाती बेडी सर्वांत आधी पडावी, हा न्यायाचा कोणता क्रम?

घुशींनी वर्षभर पोखरलेला पाटाचा बांध एका रात्री फुटतो. फुटण्याच्या जागी जो मजूर फावडे घेऊन उभा असेल त्यालाच पकडून न्यावे, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. तो घुशींची बिळे शोधतो; कारण त्याला पुढच्या वर्षीही पाणी द्यावयाचे असते.

ही बिळे शोधली गेली, असे एक उदाहरण याच महाराष्ट्रात आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील आणि डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. ते रुग्णाच्या ओठांपर्यंत नेणारे हात रुग्णालयातील सामान्य कर्मचाऱ्यांचेच असणार. चौकशी तेथेच थांबली असती, तर काही निलंबने होऊन प्रकरण मिटले असते. पण न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग हातावर थांबला नाही. तो औषध पुरविणाऱ्यांकडे, खरेदीच्या व्यवहाराकडे, अन्न व औषध प्रशासनाकडे आणि थेट मंत्रालयापर्यंत गेला. १९८८ साली अहवाल प्रकाशात आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. चूक वरच्या दिशेने कशी शोधावी, याचा तो वस्तुपाठ होता. खेदाची गोष्ट ही की तो वस्तुपाठच राहिला, पद्धत झाला नाही.

असे का होते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. पुरेशा परिचारिका नेमणे, विजेची तपासणी वेळच्या वेळी करणे, धोकादायक औषधे वेगळ्या कुलपात ठेवणे, या सर्वांना पैसा लागतो. हा खर्च वाचविला की तो नाहीसा होत नाही. त्याचे रूपांतर जोखमीत होते, आणि जोखीम उताराच्या दिशेने वाहते. ती प्रथम रुग्णाच्या शरीरावर येते आणि नंतर परिचारिकेच्या नोकरीवर. कंत्राटी पद्धतीने तर ही उतरण अधिकच निसरडी केली आहे. कायम कर्मचाऱ्याला निलंबित करताना निदान चौकशी करावी लागते; कंत्राटी परिचारिकेला एक कागद पुरतो. मग दोष तिच्या नावे लिहिला की संस्थेचे हिशेब पुन्हा जुळतात. दोषारोप हा खर्च टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

कामगार चळवळीला हा युक्तिवाद नवा नाही. खानदेशातील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत आणि गिरण्यांत यंत्रात सापडून कामगारांचे हात जात. त्या काळी मालकाचे उत्तर ठरलेले असे : कामगार बेसावध होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने या उत्तराची धार बोथट केली. अपघात हा उद्योगाचा भाग आहे. म्हणून कामगाराचा साधा निष्काळजीपणा दाखवून मालकाला भरपाई टाळता येणार नाही, हे तत्त्व त्याने मान्य केले. नशा, हेतुपुरस्सर आज्ञाभंग, संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे अशा गोष्टी त्याने वेगळ्या काढल्या. चुकीची जबाबदारी आणि चुकीचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शहाणपण कारखान्याला शंभर वर्षांपूर्वी शिकविले गेले. रुग्णालयाला ते अद्याप शिकवावयाचे आहे.

उलट, अलीकडचा कायदा विरुद्ध दिशेला गेला आहे, आणि ही गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास कोणालाही जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६(१) ने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. मात्र वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून असे घडल्यास ती दोन वर्षेच ठेवली. इंडियन मेडिकल असोसिएशनने मागणी केली, गृहमंत्र्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ती मान्य केल्याचे सांगितले. डॉक्टरांना मिळालेल्या या सवलतीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण ही सवलत कोणाला मिळते? कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे, ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे त्याला. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. म्हणजे एकाच टेबलाशी, एकाच रुग्णावर, एकाच वेळी काम करणाऱ्या दोघांपैकी डॉक्टरला दोन वर्षे आणि परिचारिकेला पाच वर्षे! सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले की, फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे, निष्पक्ष वैद्यकीय मत घेतल्याशिवाय कारवाई करू नये आणि सरसकट अटक करू नये. त्या निकालाची भाषाही डॉक्टरांविषयीची आहे. तत्त्वाने तिचे संरक्षण परिचारिकेला मिळावयास हवे. पण पोलीस ठाण्यात तत्त्व चालत नाही, परिपत्रक चालते. संघटित व्यवसायाला सवलत आणि विखुरलेल्या श्रमिकांना वाढीव शिक्षा, असा हा विषम न्याय आहे.

आता आक्षेपाकडे वळले पाहिजे. ज्या आईचे मूल गेले, तिने हे सारे ऐकून घ्यावे काय? चुकीनंतर खचणाऱ्या आरोग्यसेवकाला अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली 'दुसरा बळी' असे नाव दिले. हा शब्द जगभर रूढ झाला. परंतु २०१९ मध्ये अशाच चुकांत आप्त गमावलेल्या काही कुटुंबीयांनी तो सोडून देण्याची मागणी केली. त्यांचे म्हणणे असे की, चूक करणाऱ्याला बळी म्हटले की जबाबदारी धूसर होते. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि समाजवाद्यांनी तो डावलता कामा नये. पहिला हक्क रुग्णाचा आणि त्याच्या कुटुंबाचा आहे. काय घडले ते त्यांना सांगितले पाहिजे, लपविता कामा नये. क्षमा मागितली पाहिजे. भरपाई दिली पाहिजे, आणि ती संस्थेने दिली पाहिजे. नशेत काम करणारी, रुग्णाला जाणूनबुजून सोडून जाणारी, नोंदी खोट्या करणारी व्यक्ती शिक्षेस पात्र आहे, मग ती कोणीही असो. आधार म्हणजे अभय नव्हे.

तथापि कुटुंबाला सर्वांत अधिक हवे असते ते सत्य. आणि ते बहुधा एकाच व्यक्तीजवळ असते : जिच्या हातून चूक घडली तिच्याजवळ. तिला भीती घातली की सत्य पुरले जाते. नॅशव्हिल येथील एका मोठ्या रुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये एका परिचारिकेने औषधांच्या स्वयंचलित कपाटातून चिंता शमविणाऱ्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध काढले. सूचनांकडे तिचे दुर्लक्ष झाले आणि रुग्ण दगावला. तिने स्वतःच चूक कबूल केली. तिची नोकरी गेली. मार्च २०२२ मध्ये ती फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली आणि मे महिन्यात तिला तीन वर्षांची देखरेखीखालील सुटका मिळाली. रुग्णालयाने कुटुंबाशी तडजोड केली. संस्थेवर फौजदारी खटला झाला नाही. खटल्याच्या वेळी परिचारिका उघडपणे विचारू लागल्या की, कबुलीचे हे फळ असेल तर पुढची चूक कोण सांगेल? सिअ‍ॅटलमधील प्रकरण याहून दुःखद. २०१० साली एका अत्यवस्थ बालकाला कॅल्शियम क्लोराइडची दहापट मात्रा दिली गेली. चूक ध्यानात येताच ती सांगणाऱ्या, सुमारे पाव शतक सेवा केलेल्या परिचारिकेला कामावरून काढले गेले. एप्रिल २०११ मध्ये तिने आपले जीवन संपविले. त्या बालकाला यातून काय मिळाले? पुढच्या बालकाला काय मिळाले?

आधार म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट असावे. चूक घडताच रुग्णाला वाचविण्याचे प्रयत्न आणि परिचारिकेला त्या पाळीतून मोकळे करणे, दोन्ही एकाच वेळी झाले पाहिजे. थरथरत्या हातांनी तिला दुसऱ्या रुग्णाकडे पाठविणे म्हणजे दुसरा अपघात मागविणे होय. तिला नातेवाइकांच्या गर्दीसमोर एकटी उभी करू नये. तिचा जबाब घेताना सहकारी अथवा संघटनेचा प्रतिनिधी सोबत असावा. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या रुग्णालयांनी यासाठी तीन पायऱ्या बसविल्या : प्रथम वॉर्डातील सहकारी, नंतर त्यासाठी शिकविलेले समव्यावसायिक, आणि गरज पडल्यास मानसोपचार. यातील पहिल्या पायरीला खर्च जवळजवळ नाही. मेट्रनने शेजारी बसून 'तू जेवलीस का?' एवढे विचारणे हीसुद्धा सुरुवात आहे. चौकशीत 'कोणी केले' याआधी 'कसे घडू शकले' हे विचारले जावे, आणि निष्कर्ष कुटुंबाला व कर्मचाऱ्यांना दोघांनाही कळावेत. शेवटी, निर्दोष अथवा साध्या चुकीच्या प्रकरणात तिला सन्मानाने आणि टप्प्याटप्प्याने कामावर परत घ्यावे. केंद्र सरकारनेच २०१८ ते २०२५ या काळासाठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा काढला होता. त्याची मुदत सरली. ग्रामीण रुग्णालयातील किती सिस्टरांनी तो पाहिला, हा प्रश्न मात्र सरलेला नाही.

या तालुक्यातील कार्यकर्त्यांना करता येण्यासारख्या गोष्टी अनेक आहेत. रुग्णालयातील मंजूर आणि भरलेल्या पदांची संख्या माहितीच्या अधिकारात मागवून मानकाशेजारी फलकावर लावावी. विजेच्या आणि अग्निसुरक्षेच्या तपासणीच्या तारखा विचाराव्यात. कंत्राटी परिचारिकांना संघटनेत आणावे आणि कायदेशीर मदतीसाठी निधी उभारावा. कलम १०६ मधील भेद दूर करावा, आणि परिचारिकेवर गुन्हा नोंदविण्यापूर्वी परिचर्या जाणणाऱ्या तज्ज्ञासह निष्पक्ष मत घेणे बंधनकारक करावे, हे ठराव आमदार-खासदारांकडे पाठवावेत. आणि दुर्दैवाने कधी अनर्थ घडलाच, तर कार्यकर्त्यांनी दोन घरी जावे. प्रथम मृताच्या घरी. तेथे सत्य आणि भरपाई मिळेपर्यंत पाठपुरावा करण्याचा शब्द द्यावा. नंतर त्या परिचारिकेच्या घरी. कारण त्या रात्री तिच्या दारात कोणीही येणार नाही. रुग्णालयाच्या काचा फोडणारा जमाव यांपैकी एकाही घराच्या कामाचा नसतो.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी आजारी मुलांची शुश्रूषा स्वतः करीत. शुश्रूषेला हलके काम मानणाऱ्या समाजाला त्यांनी ते श्रेष्ठ काम आहे हे आचरणाने सांगितले. जे काम इतके श्रेष्ठ, त्यात होणारी चूकही तितकीच भयंकर असते, आणि ती करणाऱ्याला ते इतर कोणाहीपेक्षा अधिक कळत असते. तिला त्या जाणिवेसह एकटे सोडून समाज आपली सुटका करून घेऊ पाहतो. ती सुटका खोटी आहे. तोच वॉर्ड, तेच कपाट, तीच रात्रपाळी उद्याही असते. फक्त परिचारिका दुसरी असते, आणि खाटेवरचे मूल दुसऱ्याचे असते.